कासवांचा अनुशेष

आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकावर आहे आणि तिथंच राहिलेलं आहे. मुलं त्यांना 'कासवे सर' म्हणतात. मराठवाड्यात हे आडनाव बिनबोभाट खपतं. एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नपत्रिकेत प्रमुख उपस्थितीखाली 'प्रा. कासवे सर व परिवार' असं छापून आलं आणि सर त्या लग्नाला सहकुटुंब गेलेही. (माझ्या या सरांत नांदेडचे एक, देगलूरकडचे एक आणि लातूरचे दीड असे सर कालवलेले आहेत, तेव्हा कोणी एकट्यानं अंगाला लावून घेऊ नये.)

कासवाचा अभ्यास करणारा माणूस संथ असणार, असं प्रत्येक नव्या प्राचार्यांना वाटतं. सरांचं लाडकं कासव म्हणजे गोदावरीतलं लेथचं मऊ पाठीचं कासव, निल्सोनिया लेथी. त्याच्या पाठीवर खवल्यांचं चिलखत नसतं, नुसतं चामडं असतं. नाक सोंडेसारखं पुढं आलेलं. पाण्यात ते सुळकन जातं आणि हात लावायला गेलं की मान लांब करून चावतं. सर अगदी याच जातीचे. चिलखत नाही, म्हणून आधी चावून घेतात. स्टाफरूममध्ये कोणी 'कामं कासवगतीनं चाललीत' म्हणालं की वर्तमानपत्राआडून प्रश्न येतो, 'कुठल्या कासवाच्या?' मग एकेका जातीचा वेग सांगून होईस्तोवर पुढचा तास बुडतो.

आमच्याकडं प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकानं पीएच.डी.साठी जवळच्या तलावाच्या पाण्याचा सामू मोजायचा, अशी एक रीत आहे. बाटली बुडवायची, विरघळलेला प्राणवायू, क्षारता, तापमान, बारा महिन्यांचे तक्ते. पुढच्यानं शेजारचा तलाव घ्यायचा. काही तळी कधीच आटून गेली, पण त्यांचा सामू अजून शोधनिबंधांतून काठोकाठ भरलेला आहे. सरांनी ही मळलेली वाट सोडून कासवं मोजायला घेतली. मोजायची तर आधी ती दिसायला हवीत, ही अडचण त्यांच्या मार्गदर्शकांनी तेव्हाच दाखवून दिली होती. सरांच्या वह्यांची बहुतेक पानं अशी: तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याचं तापमान, आकाश निरभ्र, आढळ शून्य. 'शून्य हासुद्धा डेटाच आहे,' असं ते पदोन्नतीच्या मुलाखतीत ठासून म्हणाले. समितीला ते पटलं. तिनं गुणही तेवढेच दिले.

सरांचा मुख्य सिद्धान्त मात्र प्राणिशास्त्रातला नाही, अनुशेषाचा आहे. 1983 साली नेमलेल्या वि. म. दांडेकरांच्या समितीनं मराठवाडा किती मागं पडलाय ते रस्ते, सिंचन, दवाखाने असं एकेक मोजून दाखवलं. कासवं मोजायची राहिली. तिथूनच, सरांच्या मते, कोकण पुढं गेलं.

'बघा ना सर,' ते मला म्हणतात. (आमच्यात सगळेच सर, शिपाई तेवढे मामा.) 'वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. 2006 पासून महोत्सव! गावात घरोघरी पाहुणे. पुण्याची माणसं पहाटे उठून दोरीच्या अलीकडं उभी. पिल्लू चाललं की टाळ्या. आपल्याकडं पिल्लू चाललं तर त्याच्यावर पाय देतेत.'

25 जानेवारी 2022 ला वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवलं, पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदाच. तिचं नाव ठेवलं प्रथमा. मागोमाग सावनी, वनश्री, लक्ष्मी आणि रेवा. सरांना यंत्रांपेक्षा नावं जास्त लागली. 'आपल्या कासवाला नाव नाही, सर. नुसतं रस्सा म्हणतेत.'

तरी मत्सर ते विज्ञानाच्या आड येऊ देत नाहीत. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर 03233 क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक रिडले मादी जानेवारी 2025 मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं धरून चालणाऱ्यांना तिनं अख्ख्या दक्षिण भारताला वळसा घालून उत्तर दिलं. त्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्राचार्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, 'वा! काय झालं, मुलगा की मुलगी?'

'शंभराच्या वर अंडी आहेत,' सर म्हणाले. 'मुलगा की मुलगी ते वाळू किती तापते त्यावर. जास्त तापली की मुली.'

प्राचार्य विचारात पडले. मग आपल्या मे महिन्यात काय होत असेल, असं त्यांनी काळजीनं विचारलं. सरांचा चेहरा उतरला. रिडलेचं लिंग उबेवर ठरतं. मऊ पाठीच्या घराण्यात ज्यांचा अभ्यास झालाय त्यांचं गुणसूत्रांवरच ठरलेलं निघालं. म्हणजे नांदेडच्या उन्हाचा त्यातही काही उपयोग नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये एकदा सर मोबाईल उंच धरून पळतच आत आले. 'पनामात आपलं नाव आलं!'

अर्थशास्त्राचे सर ताठ बसले. 'कुणाचं?'

'लेथचं!'

'किती कोटी?'

गैरसमज निस्तरायला वेळ लागला. पनामा शहरात सायटीस कराराची परिषद भरली होती आणि भारताच्या प्रस्तावावरून लेथचं कासव दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात चढवलं गेलं होतं. थोडक्यात, एका देशातून दुसऱ्या देशात त्याचा धंदा करायला बंदी. अतिसंकटग्रस्तांच्या यादीत बसलेल्या प्राण्याला हे फार उशिरा मिळालं, पण मिळालं. सरांची स्वतःची पदोन्नती तेव्हा अडकलेलीच होती. 'माझं राहू द्या,' ते पेढ्यांचे पैसे काढत म्हणाले, 'ते तर चढलं.' हे कासव 1872 साली लंडनच्या ग्रे यांनी जगापुढं मांडलं आणि त्याला मुंबईतल्या लेथ नावाच्या डॉक्टराचं नाव दिलं, इथपर्यंत सर कौतुकानं सांगतात. तो मूळ नमुना पुण्याचा होता, हे मात्र आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

देवळात जाणं हा त्यांच्यासोबत एक प्रसंगच असतो. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाशी सगळे क्षणभर टेकतात. सर गुडघ्यांवर बसतात ते उठतच नाहीत. मागची रांग आधी भक्तीनं गहिवरते, मग खाकरते. सर पाठीवरचे खवले मोजत असतात. मधे पाच, बाजूंना चार-चार, कडेनं बारा-बारा असा हिशेब जुळला तर पाथरवटानं खरं कासव पाहिलेलं होतं. जुळला नाही तर सर महादेवाला नुसता हात जोडून बाहेर येतात, जरा नाराजच.

एका संध्याकाळी त्यांच्या दारात पांढरी गाडी थांबली. चौघे उतरले. गळ्यात जाड साखळ्या, बोटांत चांदीच्या कासवाच्या अंगठ्या. 'सर, तुम्ही त्यातले जाणकार. एक वीस नखी पायजे. पार्टी तयार आहे.'

वीस नखांचं कासव पाटावर ठेवून मांत्रिकानं मंत्र म्हटले की घरात पैशांचा पाऊस पडतो, ही समजूत आपल्या राज्यातल्या पोलिस ठाण्यांना आता पाठ आहे. वहिनी आतूनच म्हणाल्या, 'चहा ठेवू का पोलिसांना फोन करू?'

'आधी चहा,' सर म्हणाले. शिकायला आपणहून आलेली माणसं त्यांना कितीतरी वर्षांनी मिळाली होती. त्यांनी घरातला फळा काढला. मऊ पाठीच्या कासवाला एका पायाला तीन नखं, म्हणजे बारा. कडक पाठीचं आपलं काळं कासव घेतलं तर पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, म्हणजे साधारण अठरा. 'आता वीस कुठून आणू?'

चौघे एकमेकांकडं बघायला लागले.

'मोजा,' सर म्हणाले, 'स्वतःची मोजा. हाताची दहा, पायाची दहा. वीस नखांचा प्राणी मराठवाड्यात मुबलक आहे. त्यालाच बसवा पाटावर.'

त्यातल्या एकाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं खरंच बूट काढला. निघताना सरांनी एकाच्या बोटातली अंगठी भिंगाखाली धरली. 'डोकं आत जायला जागा नाही, म्हणजे सागरी. पायांना मात्र बोटं, म्हणजे गोड्या पाण्यातलं. ही जात मला नवीन आहे.' वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी धरला तर तीन ते सात वर्षं आत जावं लागतं, हे सांगायचं राहिलं होतं, म्हणून ते गाडीमागं पळत गेले. वहिनींनी फोन चहा ठेवतानाच केला होता.

खरा त्रास रात्रीचा. कासवी अंडी घालायला काठावर येते, आणि काठाची वाळू तर सगळ्यांनाच हवी असते. फरक एवढाच की कासवीकडं पंप नाही. नदीकाठच्या एका गावाजवळ सर बॅटरी आणि खुरपं घेऊन बाभळीआड दबा धरून बसले होते. वाळू उपसणाऱ्यांना वाटलं, पथकातला माणूस. ते तराफे तिथंच टाकून पसार झाले. तासाभरानं महसूलचं खरं पथक आलं. रात्रीचे दोन, उपशाची जागा, शेजारी तराफे, आणि खुरपं घेऊन बसलेला एकुलता एक माणूस.

'काय करलालाव इथं?'

'अंडी बघतोय.'

पथकातल्या एका कारकुनानं बॅटरी तोंडावर मारली आणि लगेच खाली केली. 'अरे, कासवे सर! सर, मी तुमचाच, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला नापास.' पंचनाम्यात मात्र लिहावं लागलंच की, घटनास्थळी एक इसम मिळून आला, तो कासवाच्या अंड्यांच्या शोधात असल्याचे सांगतो. सरांनी त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. आपल्या नदीच्या कासवाची सरकार दरबारी नोंद झाली म्हणून ती फाईलला लावलेली आहे.

वहिनी लातूरच्या. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, पाणवठ्यांवर गर्दी होऊ नये म्हणून 144 कलम लागलं आणि एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. असल्या दिवसांत जावई मुक्कामाला येणार म्हटल्यावर सासूबाईंनी फोनवर आंघोळीचं स्पष्टच विचारलं. जावयांनी कळवलं, 'आंघोळ नको. धरणाचा तळ बघायचाय.'

त्याला कारण होतं. मागच्या पायांवर कातड्याची झाकणं असलेलं एक लहान कासव आपल्याकडं सगळीकडं असतं, लिसेमिस पंक्टाटा. पाणी आटायला लागलं की ते गाळात शिरून बसतं आणि पाऊस येईस्तोवर महिनेच्या महिने खाणं-पिणं बंद. लोक मात्र त्या उन्हाळ्यात वर्गणी काढून मांजरेचा गाळ उपसत होते. काम पुण्याचंच होतं. पण सरांच्या डोळ्यांपुढं प्रत्येक बकेटीत एक झोपलेलं कासव. ते पोकलेनसमोर आडवा हात करून उभे राहायचे, बकेट खाली टेकली की गाळ चिवडायचे आणि मग पुढच्या बकेटीला परवानगी द्यायचे. ऑपरेटरनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी यंत्र बंद करून खाली उतरून तो म्हणाला, 'सर, तुमचं काही हरपलंय का? तसं सांगा, सगळे मिळून बघूत.' सर म्हणाले, 'हरपलंय.' आणि तिथल्या पंचवीस माणसांनी दुपारपर्यंत खरोखर सोन्याच्या साखळीसाठी गाळ चिवडला. कासव एक सापडलं. बायकांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं. घागरीत तळाला उरलेलं पाणी कुणीतरी त्याच्या पाठीवर घातलं. त्या उन्हाळ्यात पाणी असं ओतलेलं पाहून सरही काही बोलले नाहीत. साखळीचं काय झालं, हे ऑपरेटर मात्र शेवटपर्यंत विचारत राहिला.

संध्याकाळी टँकरच्या रांगेत सासूबाईंच्या घागरींचा नंबर धरायचं काम जावयांकडं होतं. कुणीतरी म्हणालं, मुक्या जिवांचं कसं होत असंल. सरांना एवढं पुरलं. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी 2012 साली काय दाखवलंय, ते त्यांनी रांगेला सांगितलं. चीनमधलं मऊ पाठीचं कासव युरिया लघवीवाटे थोडा आणि तोंडावाटेच जास्त टाकतं. डबक्यात तोंड बुडवायचं आणि चूळ भरायची. लघवीला लागणारं पाणी वाचतं.

रांग गप्प झाली. मग पुढं उभी असलेली एक म्हातारी मान वळवून म्हणाली, 'जावयबापू, आन पेतंय बी त्याच डबक्यातलं?'

'हो.'

'मग आमचा टँकर बरा, बाप्पा.'

सासूबाई तेव्हापासून शेजारणींना सांगतात की जावई इंग्रजी शिकवतात.

माझा आणि सरांचा वाद वेगळाच आहे. मी मराठी शिकवतो. संतांच्या वाङ्मयात कासवी पिल्लांना पाजत नाही, नुसत्या नजरेनं पोसते, हे मी वर्गात रंगवून सांगतो. शेजारच्या वर्गात सर त्याच सुमारास सांगत असतात की कासवी अंडी पुरते आणि चालू लागते. पुढं मायलेकरांची ओळखसुद्धा नाही. आमच्या दोघांच्याही तासांना बसणाऱ्या एका मुलीनं मराठीच्या पेपरात एक आणि प्राणिशास्त्राच्या पेपरात दुसरं लिहून दोन्हीकडं पैकीच्या पैकी घेतले. मी एवढ्यावर मिटवायला तयार होतो. सर नव्हते. एका गावात अखंड हरिनाम सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी कासवीचा दृष्टान्त दिला, आणि कीर्तन संपताच सरांनी त्यांना पंगतीच्या अलीकडंच गाठलं.

'महाराज, कासवी पिल्लांकडं बघत नसते.'

महाराज मोठे शांत गृहस्थ. 'सर, तुम्ही समद्या गोदावरीतल्या कासवी बघितल्याव का?'

सरांच्या डोळ्यांपुढून वह्यांतली सगळी शून्यं सरकून गेली असणार. ते न जेवताच घरी आले.

पुढं एका सुट्टीत त्यांच्या वाचनात ॲमेझॉनमधल्या मोठ्या कासवांवरचा 2013 चा शोधनिबंध आला. तिथल्या माद्या म्हणे अंडी घालून लांब जात नाहीत. किनाऱ्याजवळ पाण्यात थांबतात, आवाज काढतात. पिल्लं अंड्यातूनच ओ देतात, पाण्यात उतरली की आईला जाऊन मिळतात आणि तिच्यासोबत प्रवासाला निघतात. सरांनी तो निबंध दोनदा वाचला, प्रिंट काढली आणि रात्रीच स्कूटरला किक मारली. दुसरा कुणी सोयीस्करपणे विसरला असता. सरांना ते जमत नाही. चूक निघाली की ती रीतसर पोचती करतात.

महाराज ओसरीवर होते. सर म्हणाले, 'महाराज, ब्राझीलमध्ये एक कासवी तुमच्या बाजूची निघाली.'

'एकच?'

'सध्या एकच जात. पण ती बघत नाही, आवाज देते. दृष्टी नव्हे.'

'आवो, माय हाक मारती तवा लेकराच्या वाटंकडं बघतच आसती की,' महाराज म्हणाले. सरांनी हे लिहून घेतलं. मग अट घातली: पुढच्या कीर्तनात दृष्टान्त खुशाल द्या, पण जातीचं नाव घेऊन द्या. महाराजांनी शब्द पाळला. भर मांडवात त्यांनी 'पोडोक्नेमिस एक्सपान्सा' असं खणखणीत म्हटलं आणि टाळकऱ्यांनी, नवं नामस्मरण असेल म्हणून, ते तीनदा उचलून धरलं. मागं बसलेल्या सरांनी उच्चार तपासून मान हलवली.

आता प्रश्न राहिला गोदावरीच्या कासवीचा. ती बोलते की नाही, हे कुणी ऐकायला गेलेलं नाही. म्हणजे हाही अनुशेषच. सरांनी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाकडून पाण्यात सोडायचा माइक मागवलाय. निवृत्तीला थोडेच महिने उरलेत, आणि रोज रात्री ते कानाला हेडफोन लावून काठावर बसतात. भोई मंडळी जाता-जाता म्हणतात, 'सर गाणी ऐकलालेत.' अजूनपर्यंत माइकमध्ये आलाय तो वाळूच्या पंपाचा आवाज. स्वच्छ, सलग, तारीखवार, वेळेसकट, ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशांसह.

ही गोष्ट फुटायची ती फुटलीच. मागच्या आठवड्यात तहसीलमधला तो नापास विद्यार्थी घरी आला. 'सर, तेवढं रेकॉर्डिंग द्या.' दुसऱ्या दिवशी वाळूवाल्यांची दोन पोरं मिठाईचा पुडा घेऊन आली. 'सर, तेवढं रेकॉर्डिंग द्या.' वहिनींनी दोन्ही वेळा चहा दिला. सरांनी दोघांनाही सारखंच उत्तर दिलं.

'काम अपुरं आहे. त्यात अजून कासव बोललेलं नाही.'